झुबेदाआपा आणि बुरोंडीची जोडी

काल ऑफिसात डबा खाताना एका नवीन मुलानं सहज विचारलंन, "रॉक ऐकायला सेकंडहँड स्पीकर घ्यायचेत, बजेट अगदीच कमी आहे, काय बघून घेऊ?" झालं. मी जो सुटलो तो भाजी गार झाली तरी थांबलो नाही. पेटी ठोकून बघ, पडद्याची कड बघ, दोन्ही बाजूंच्या वायरी बदलून बघ, खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्याकडे तर बघूच नको! तो म्हणाला, "तू साउंड इंजिनिअर आहेस काय?"

नाही रे बाबा. यातलं एक अक्षर माझं नाही. सगळं झुबेदाआपाचं आहे. आणि तेव्हापासून ती डोक्यातनं जाईचना, म्हणून आज बाकी सगळी कामं बाजूला ठेवून हे टाइप करतोय. चुका दिसल्या तर समजून घ्या, हात जोरात चाललाय.

नव्याण्णव ते दोन हजार एक, मी रत्नागिरीत एका डीटीपीच्या दुकानात होतो. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, मच्छी सोसायटीचे अहवाल, असलं सगळं. दोन कॉम्प्युटर, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर मी, विशीतला, तिन्ही त्रिकाळ घाईत. दुसरीवर आपा, वय चौतीस. मराठी, इंग्लिश, उर्दू, तिन्ही कंपोझिंग तिच्याकडे. ओढणी पिन लावून पक्की, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि पर्समध्ये सेफ्टी पिना, दोन पेन्सिल सेल आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर. पेन्सिल सेल कशाला ते मला सहा महिने कळलं नव्हतं.

'चालेल' हा शब्द मी आपाच्या तोंडून कधी ऐकला नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "चालेल हो बाई, द्या तसंच." आपा म्हणायची, "तुम्हाला चालेल. मला नाय चालत." आणि परत प्रिंट काढायची. मालक कपाळाला हात लावायचे.

ती रॉक ऐकते हे मला कसं कळलं सांगतो. माझ्याकडे तेव्हा एक टू-इन-वन होता, दिवे लुकलुकणारा, आणि मी त्याच्यावर इंग्लिश कॅसेटी फुल आवाजात लावायचो आणि स्वतःला लई भारी समजायचो. एकदा तो दुकानात आणला. आपानं दोन मिनिटं ऐकलंन आणि विचारलंन, "किती माणसं वाजवतायत?"

"चार. फोटोत चार आहेत."

"फोटोत असतील. तुझ्या डब्यात दोनच आहेत. एक ओरडतोय नि एक पत्रा बडवतोय. बाकीचे दोघे काय चहा प्यायला गेले?"

मी म्हटलं, "आवाज बघ ना पण आपा, केवढा मोठाय!"

"आवाज हवा तर फटाके घे. मला बँड हवाय."

एवढं बोलून परत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' टाइप करायला लागली. मी मात्र तसाच बसून राहिलो. राजिवड्याच्या मोहल्ल्यातली बाई, आणि रॉक? मग हळूहळू एकेक कळत गेलं.

आपाचे वडील कुवेतला ट्रक चालवायचे, एका इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यापाऱ्याकडे. मालकानं त्यांना एकदा स्पीकरची जोडी दिलेलीन, लाकडी, गुडघ्याएवढी उंच. वरच्या मजल्यावर एक गोव्याचे अंकल राहायचे, त्यांच्याकडे कॅसेटी. चौदाव्या वर्षापासून चोविसाव्यापर्यंत आपा त्या जोडीवर वाढली. मग नव्वद साली लढाई झाली आणि सगळ्यांना एकेका बॅगेवर परत यावं लागलं. मला तिनं हे एकदाच सांगितलंन, पत्रिकेचं प्रूफ वाचता वाचता, वर न बघता.

"कपड्यांचं काय नाय वाटलं रे. पण निघताना मी स्पीकर बंद केले. बटण दाबून, नीट. आठ दिवसांनी येऊन लावायचेच होते ना."

वडील परत आल्यावर तीन वर्षांत गेले. धाकटा भाऊ रऊफ लढाईच्या वेळी बारा वर्षांचा होता, आता तो दुबईत. घरात आपा आणि अम्मा. आणि आपाचं एकच ठरलेलं: तो आवाज परत आपल्या घरात वाजला पाहिजे. भावाच्या पैशानं नाही, आपल्या पैशानं. पाच हजार रुपये, वर एक रुपया नाही. रऊफनं मध्ये एक सेट पाठवलेलान, निळे-हिरवे दिवेवाला. आपानं तीन दिवस ऐकलंन आणि मामेबहिणीला देऊन टाकलान. "ही लग्नातली रोषणाई आहे," म्हणाली.

मग सुरू झाली शोधमोहीम. दुकानाला सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी दुपारनंतर आपा आणि मी, कधी एसटीनं, कधी माझ्या मित्राच्या स्कूटरवर. आमच्या भागात आखातातून आणलेली म्युझिक सिस्टिम नाही असं घर शोधावं लागेल. पण ती वाजवायला नसते हो! ती शोकेसमध्ये असते. वर क्रोशाचं कव्हर, त्यावर प्लास्टिक, त्यावर प्लास्टिकची फुलं. विकायची म्हटली तरी असं थेट जाऊन भाव विचारायचा नाही. आधी सरबत, मग फरसाण, मग कोण कुठं कामाला, कुणाचं लग्न ठरलं. तासाभरानं आपा हळूच म्हणायची, "जरा लावून बघू काय?"

आणि मग तिचं खरं काम. बोटाच्या पेरानं पेटी ठोकायची, वरून, बाजूनं, मागून, फणस पिकलाय का बघतात तशी. पोकळ वाजली तर तिथंच संपलं. मग पडद्याची कड. स्पीकरच्या कागदी पडद्याला भोवती फोमची कड असते, खाऱ्या हवेत ती सडते, बोट लावलं की बिस्किटासारखा भुगा. मग पडदा दोन्ही अंगठ्यांनी हलकेच आत दाबायचा, कुठं घासतोय का ऐकायचं. मग पेन्सिल सेल! वायरीला सेल टेकवला की पडदा टचकन पुढे येतो. दोन्ही पेट्यांचे पडदे एकाच बाजूला आले पाहिजेत. एक पुढे आणि एक मागे आला तर आत कुणीतरी वायर उलटी जोडलीय, मग बास गायब. आणि सगळ्यात शेवटी कॅसेट. कायम एकच कॅसेट, कायम तेच एक मिनिट, आधी ड्रम, मग बास गिटार, मग गाणारा. ते एक मिनिट मला अजून पाठ आहे, झोपेत पण वाजवीन.

पावस गावात एका बाईंनी विचारलंन, "बाय, तू डॉक्टर आहेस की काय?" कारण आपा स्पीकरला कान लावून बसलेली. आपा म्हणाली, "नाय हो चाची. पण पेशंट वारलाय." चाची एवढ्या रागावल्या की आम्हाला बाहेर सोडायला पण आल्या नाहीत. येताना मी म्हटलं, "आपा, जरा गोड बोलायचंस." ती म्हणाली, "सरबत गोड होतं ना? बस्स."

आणि तो थिबा पॅलेस रोडचा दुकानदार! सेकंडहँड टीव्ही, पंखे विकायचा. म्हणाला, "ताई, रॉकसाठी हेच. हजार वॅट. प्रत्येक पेटीत तीन-तीन स्पीकर." मी तर लगेच पाघळलो. आपानं पर्समधला स्क्रूड्रायव्हर काढलान, दुकानदार "अहो अहो" करेपर्यंत जाळी काढलीन, सगळ्यात वरचा स्पीकर बाहेर ओढलान. मागे वायरच नाही! नुसती चांदीच्या रंगाची वाटी, शोभेची. दुकानात चार माणसं जमली. आपानं ती वाटी काउंटरवर ठेवलीन आणि शांतपणे विचारलंन, "हिचे किती वॅट?"

असं दीड वर्ष. बावीस घरं आणि सहा दुकानं, मी मोजत होतो. मी सतरा वेळा म्हटलं असेल, आपा, ही घेऊन टाक, बरी आहे. तिचं एकच, "बरी घ्यायला दीड वर्ष कोण फिरतं रे मेल्या?"

मग दोन हजार सालच्या डिसेंबरात कुणीतरी सांगितलंन, बुरोंडीला एक तात्या आहेत, जहाजावर खलाशी होते, त्यांच्याकडे कुठल्या तरी बंदरातून आणलेली जुनी लाकडी जोडी आहे. रत्नागिरीहून दापोली, दापोलीहून बुरोंडी, पहाटेची पहिली एसटी पकडून पोचलो तेव्हा जेवायची वेळ झालेली. तात्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, आत मासे सुकत घातलेत.

मासे नव्हते. स्पीकर होते.

आता हे फक्त आमच्याकडेच होऊ शकतं बघा. होडी किनाऱ्यावर ओढली की पावसाआधी लाकडाला माशाचं तेल लावतात, मोरी माशाच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं. त्यानं लाकूड कुजत नाही, कीड लागत नाही. आणि तात्या वीस वर्षं दर पावसाआधी होडीबरोबर स्पीकरलाही तेलाचा हात देत होते! पेट्या अशा काळ्याभोर, तुकतुकीत, की हात फिरवावा. ठोकल्या तर दगड. वाळवीची काय बिशाद. वास मात्र... सांगत नाही.

आपानं जाळी काढलीन. कड फोमची नव्हती, कापडाची होती, शाबूत. पहिल्या पेटीत पडदा स्वच्छ. दुसऱ्या पेटीत पडदा काळपट, ओलसर.

"तात्या, हे काय?"

"त्यालाही तेल दिला मी गेल्या साली."

"कागदाला?"

"कागद कशाचा होतो गो बाय? लाकडाचाच ना?" तात्या एकदम ठाम. "दुसऱ्यालाही देणार होतो, तेल संपला."

मी हसून लोळायचा बाकी होतो. आपा हसली नाही. तिनं तात्यांच्या डेकमध्ये कॅसेट घातलीन आणि फक्त चांगली पेटी चालू ठेवलीन. ड्रम आला. बास आला. आणि मला, शप्पथ सांगतो, पहिल्यांदा कळलं की बास गिटारला बोटं असतात. तारेवरून सरकलेली ऐकू येतात! मी आपाकडे बघितलं. तिचे डोळे बंद. गाणारा आला तशी ती खाली जमिनीवरच बसली.

मग दोन्ही पेट्या लावल्या. तेलाची पेटी नाक चोंदल्यासारखी. दोन स्पीकर सारखे असले ना, की गाणारा बरोबर दोघांच्या मधे उभा राहतो, जिथं काहीच नसतं तिथं, भिंतीत. इथं तो सगळा डावीकडे, चांगल्या पेटीच्या मांडीवर जाऊन बसलेला.

मी म्हटलं, "आपा, जोडी नाय ही. एकच आहे."

"जोडीच आहे. एक आजारी आहे."

तात्यांनी साडेचार हजार घेतलेन आणि वर म्हणाले, "दर साल तेल द्यायला विसरू नको हां बाय."

एसटीत कंडक्टरनं आम्हाला मागे बसवलंन आणि पूर्ण प्रवासात सगळे आमच्याकडे वळून बघत होते. घरी अम्मांनी दारातच ओढणी नाकाला लावलीन. "झुबेदा, घरात दोन दिवस मच्छी नाय, आणि अंगणात सात मांजरं येऊन बसलीत!" खरंच बसलेली. आणि मग अम्मांनी खरी बातमी सांगितलीन. रऊफचं लग्न ठरलं, मे महिन्यात. तो येताना मोठा नवीन सेट आणतोय. वरची खोली लग्नानंतर त्याची. "तो येईपर्यंत हे सुधारलं तर ठेव. नायतर ही लाकडं जळणात. घरात दोन-दोन बाजे राहणार नाय."

आपा म्हणाली, "मे ना? खूप वेळ आहे."

तेल काढायचं कसं? लाउडस्पीकर दुरुस्त करणारा म्हणाला, पडदाच बदलतो, मंडपाच्या भोंग्याचा टाकतो. आपा म्हणाली, गाणाऱ्याच्या गळ्यात लिलाववाल्याचा आवाज बसवू काय? मग तिनं तांदळाचं पीठ लावून बघितलंन, मुंग्या आल्या. राख लावलीन, काही नाही. आणि गंमत बघा, उपाय सांगितलान तो अम्मांनी, तोही वैतागून. "दावतीत ओढणीवर तेल सांडलं तर काय करतेस? पावडर टाकतेस ना? मग एवढी शिकलेली तू..."

टाल्कम पावडर! आपा उठली ती थेट किराणा दुकानात. चार स्क्रू काढून स्पीकर बाहेर, मधल्या फटीत कण गेला तर सगळंच संपलं म्हणून मधे कागदाची टोपी, आणि भोवती पावडरचा थर. सकाळी ब्रशनं झाडायची, पावडर पिवळी व्हायची, परत नवीन. रोज. कामावर यायच्या आधी आणि गेल्यावर. दर शुक्रवारी स्पीकर परत बसवायचा, आपाच्या जुन्या डेक-अँप्लिफायरवर कॅसेट लावायची, मला समोर बसवायचं.

"डोळे मीट. गाणारा कुठं आहे? बोट दाखव."

मी बोट दाखवायचो, आणि ती भिंतीवर तिथं खडूनं रेघ मारायची. पहिली रेघ अगदी डाव्या पेटीला चिकटून. जानेवारीअखेर वीतभर उजवीकडे. फेब्रुवारीत आणखी वीतभर. आई शप्पथ, माणूस चालत होता भिंतीतून! मी शुक्रवारची वाट बघायला लागलो. अम्मापण कपड्यांच्या घड्या घालायच्या निमित्तानं वर यायच्या आणि विचारायच्या, "आज कुठवर आला तो?"

एप्रिलमध्ये तो अडला. मधल्या खुणेपासून चार बोटं डावीकडे. एक शुक्रवार, दोन शुक्रवार, तीन. पावडर आता पांढरीच्या पांढरी निघत होती, म्हणजे तेल संपलेलं. रऊफ दहा दिवसांवर. मी म्हटलं, "आपा, चार बोटं म्हणजे काय, चालेल की."

म्हटलं आणि जीभ चावली. ती माझ्याकडे बघत पण नव्हती. गुडघ्यांवर हात ठेवून भिंतीकडे बघत बसलेली. मग उठली, एकटीनंच दोन्ही पेट्या उचलल्यान, आणि डावीची उजवीकडे, उजवीची डावीकडे ठेवलीन. परत कॅसेट.

"बोट दाखव."

मी दाखवलं. परत चार बोटं डावीकडेच.

आपा एकदम ताठ झाली. "बघितलंस? पेट्या बदलल्या तरी हा हलत नाय. म्हणजे पेटी बरी झाली. दोष पेटीत नाय. खोलीत आहे."

आणि दोघांनीही एकदम डावीकडे बघितलं. तिथं भिंतीला लागून रऊफच्या लग्नाचं नवं कोरं लोखंडी कपाट उभं होतं, आरशासकट, महिन्यापूर्वी आलेलं. सगळा आवाज त्याच्यावर आपटून परत येत होता!

खालून अम्मा ओरडल्या, "कपाटाला हात लावू नका, ते नवरीचं आहे!" तोपर्यंत आम्ही अर्ध्या खोलीत पोचलेलो. दोन गोणपाटं खाली घालून, इंच इंच. आपानं पाठ लावलेलीन, चष्मा खाली पडला तरी थांबली नाही. कपाट दाराच्या मागे नेलं. ती धापा टाकत खाली बसली आणि कॅसेट लावलीन. या वेळी मला विचारलंच नाही. खडू घेतलान, उठली, आणि बरोबर मध्यावर एक रेघ मारलीन.

रऊफ आला तो दोन खोकी घेऊन, माझ्या कमरेएवढी. तेवीस वर्षांचा तगडा माणूस, सेंटचा वास, मोठ्यानं बोलणारा. मला दुसऱ्या दिवशी पुण्याला नोकरीवर हजर व्हायचं होतं, निरोप घ्यायला म्हणून गेलो आणि नेमका तेव्हाच सापडलो. रऊफ वर आला, काळ्या पेट्या बघून हसायला लागला. "आपा, हे काय भंगार गो? अम्मा सांगत होती, मांजरं यायची. काढ आता, माझा सेट लावतो. एवढा मोठा बास आहे ना, खिडक्या हलतील."

"लाव. आधी एक गाणं बस."

"आपा, प्रवासातनं आलोय..."

"एक गाणं."

तो मोबाइल चाळवत चटईवर बसला. या वेळी आपानं ते नेहमीचं मिनिट नाही लावलंन. कॅसेट मागे घेऊन अख्खं गाणं पहिल्यापासून लावलंन. ड्रम आला तशी रऊफची मान वर झाली. बास आला. गाणारा आला.

आपाला मी त्यानंतर पाहिलेलं नाही. दुकान बंद झालं, माझं रत्नागिरीला जाणं गणपतीपुरतं उरलं, दोनदा राजिवड्यात गेलो तर दोन्ही वेळा ती अम्मांना घेऊन बाहेर गेलेली, एकदा दुबईला रऊफकडे, एकदा मक्केला उमऱ्याला. पण वरच्या खिडकीतून, बहुतेक रऊफच्या बायकोनं लावलेला, बास मात्र ऐकू येत होता. म्हणून ती माझ्या डोक्यात आहे ती त्या संध्याकाळची.

रऊफनं मोबाइल खाली ठेवला. उठला. दोन पेट्यांच्या मधून चालत भिंतीपाशी गेला आणि जिथून आवाज येत होता तिथं, नुसत्या चुन्याच्या भिंतीवर, पंजा टेकवलान. बारा वर्षांच्या पोरानं टेकवावा तसा. पाठ आमच्याकडे. मग तसंच भिंतीकडे बघत म्हणाला, "आपा, कुवेतला अब्बा असेच भिंतीपाशी उभे राहून बघायचे ना गो, आत कोण लपलंय म्हणून?"

आपा अँप्लिफायरपाशी गुडघ्यावर बसली होती, ओढणीची पिन सुटलेली, बोट बटणावर. आवाज एक घर वाढवलान तिनं, फक्त एक, आणि हात काढून घेतला.